हद्द कुणाची, हुकूम कुणाचा: मारुंजीतून दिसणारा कायदा

मारुंजीत राहणाऱ्या माणसाची दुचाकी चोरीला गेली तर त्याचे पोलीस ठाणे हिंजवडीचे, म्हणजे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. त्याच माणसाच्या सातबाऱ्यावर चुकीचा फेरफार पडला तर तालुका मुळशी, तहसील पौडला. माण-घोटवडे करत जायचे. शेजारी बेकायदा मजला चढतोय म्हणून अर्ज द्यायचा तर तो आकुर्डीला पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात. दिवाबत्ती आणि कचरा ग्रामपंचायतीकडे. सत्र खटला शिवाजीनगरला, आणि उच्च न्यायालय गाठायचे तर मुंबई. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले, पण ते कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे. पुणे जिल्ह्याची वाट अजून बोरघाटातूनच जाते.

हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत ही मागणी वर्षानुवर्षे चर्चेत आहे. रस्ते तुंबले, पावसात आयटी पार्कमध्ये पाणी शिरले की तिला उधाण येते आणि पाणी ओसरले की मागणीही ओसरते. तोवर गाव कागदावर गावच आहे आणि गावात वीस-वीस मजली सोसायट्या आहेत. कायदा नागरिकासाठी कसा चालतो हे पाहायला असे ठिकाण फार सोयीचे, कारण इथे ग्रामीण महाराष्ट्राचा महसुली कायदा आणि शहरी महाराष्ट्राचा पोलिसी, बांधकामाचा कायदा एकाच चौकात भेटतात.

लोकांचा राग असतो तारखांवर. तो खोटा नाही. देशात ५ कोटींहून अधिक खटले तुंबलेत, त्यातले ५० लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत. विधी आयोगाने १९८७ मध्येच दर १० लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असे सुचवले होते. आज ते प्रमाण विशीच्या आसपास रेंगाळते आहे. तरीही माझे मत असे की नागरिकाची खरी दमछाक दोन टोकांना होते: तक्रार आत घेतली जाताना, आणि निकाल हातात पडल्यानंतर. मधल्या टप्प्यात निदान खटल्याला क्रमांक असतो, मोबाईलवर पुढची तारीख दिसते, भांडायला वकील असतो. टोकांना यातले काहीच नसते.

पहिले टोक ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी आहे. रात्री कामावरून परतणाऱ्या तरुणाचा मोबाईल दुचाकीवरच्या दोघांनी हिसकावला, असे धरा. तो ठाण्यात जातो. पहिला प्रश्न येतो जागेचा: नेमके कुठे? पुलाच्या अलीकडे की पलीकडे? म्हणजे हद्दीचा. हद्द आपलीच निघाली तर दुसरा सल्ला तयार असतो: ‘गहाळ’ म्हणून ऑनलाइन नोंद करा, लगेच दाखला मिळेल, नवीन सिम काढायला चालतो. तरुणालाही घाई असते, सिमशिवाय ओटीपी येत नाही, ओटीपीशिवाय पगाराचे ॲप उघडत नाही. तो गहाळ दाखला घेऊन बाहेर पडतो. एक गुन्हा घडला होता, तो कागदावर निष्काळजीपणा झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावणे हा कलम ३०४ खाली स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा आहे. पण कलम वापरायला आधी गुन्हा नोंदवावा लागतो.

असे का होते, हे पोलिसांच्या बाजूनेही पाहायला हवे. प्रत्येक एफआयआर म्हणजे एक तपास, पंचनामे, मुद्देमाल, दोषारोपपत्र आणि वरिष्ठांच्या बैठकीत विचारला जाणारा एक आकडा. तपासी अंमलदार तोच, बंदोबस्तालाही तोच. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय सुरू झाले तेव्हा पुणे शहर आणि पुणे ग्रामीणची ठाणी जोडून ते उभे केले. त्यात चाकणची कारखानदारी आली, हिंजवडीचे आयटी पार्क आले, आणि देहू-आळंदीही आली. म्हणजे महाराष्ट्रातल्या दोन सर्वांत मोठ्या पालख्यांचे प्रस्थान एकाच आयुक्तालयाच्या हद्दीत. आषाढीच्या आधीच्या त्या दिवसांत कुठल्याही अंमलदाराला तपासाचे विचारून पाहावे.

कायदा मात्र या अडचणीची सबब मान्य करत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगून टाकले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने आणखी दोन दारे उघडली. हद्द कुठलीही असो, माहिती घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, याला आपण झिरो एफआयआर म्हणतो. आणि माहिती ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत येऊन सही केली की ती नोंदवायची. फिर्यादीला प्रत विनामूल्य. ठाण्याने नकार दिला तर लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांकडे, तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्याकडे. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचे, हेही आता कायद्यात आहे. महिला, १५ वर्षांखालची मुले, ६० वर्षांवरची माणसे यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे असते. सोसायट्यांच्या वॉट्सॲप गटांवर पाणीकपातीच्या निरोपाइतका हा मजकूर फिरला तर बरे होईल.

त्याच कलम १७३ मध्ये एक खिडकी उलट दिशेनेही उघडली आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने, गुन्हा नोंदवण्याआधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. ‘अर्ज चौकशीला ठेवलाय’ हे वाक्य ज्यांनी ठाण्यात ऐकले आहे त्यांना या तरतुदीचा अर्थ वेगळा समजावून द्यायला नको. आजवर जी सवय होती तिला आता कलमाचा आधार मिळाला. मला हे पाऊल मागे गेलेले वाटते. कोणताही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नये, एवढे तरी नागरिकाच्या हातात आहे. चौदा दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून.

आणि तक्रार पोलिसांविरुद्धच असेल तर? प्रकाश सिंह प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून राज्यस्तरावर आणि विभागस्तरावर तशी तरतूद केली. पुणे विभागातल्या किती लोकांना असे काही आहे हे ठाऊक असेल? परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हा आदेश औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये द्यावा लागला, राज्य सरकार त्याविरुद्ध दिल्लीला गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. मोबाईलच्या फिर्यादीपासून कोठडीतल्या मृत्यूपर्यंत अडखळण्याची जागा एकच: नोंद.

आयुक्तालय झाल्याने आणखी एक गोष्ट बदलते, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. ग्रामीण भागात तडीपारीचा आदेश प्रांत काढतो, म्हणजे महसूल खात्याचा अधिकारी. पोलीस फक्त प्रस्ताव पाठवतात. आयुक्तालयात प्रस्तावही पोलिसांचा आणि आदेशही पोलीस उपायुक्ताचा. गुंडगिरी आटोक्यात आणायला हे सोयीचे, हे कोण नाकारेल? पण ज्याच्यावर आदेश निघतो त्याच्या दृष्टीने फिर्याद आणि निवाडा एकाच इमारतीत होतो. जालन्याच्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, माणसाच्या देशात कुठेही फिरण्याच्या मूलभूत हक्कावर तो घाला घालतो, म्हणून आदेशात कारणे दिसली पाहिजेत. छापील साच्यात नावे भरून निघणारे आदेश उच्च न्यायालयात टिकत नाहीत. तोवर माणूस जिल्ह्याबाहेर दिवस काढून आलेला असतो.

मात्र मारुंजीचा खरा कायदा जमिनीचा. आयटी पार्क येण्याआधी इथे भाताची खाचरे होती आणि वाटणीचे भांडण बांधावरच्या शिवीगाळीत संपायचे. गुंठ्याचा भाव चढत गेला तसे ते पौडच्या न्यायालयात गेले. बहिणीचा हिस्सा हे त्याचे सर्वांत मोठे कारण. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायिकीचा हक्क दिला होता, केंद्राने २००५ मध्ये दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील हयात असण्याची अटही उडवून लावली. तोवर गावोगाव बहिणींनी माहेर तुटू नये म्हणून साडीचोळीवर हक्कसोड दिली होती. एकरांची किंमत कोटींत गेल्यावर हक्कसोडपत्रालाही किंमत आली. सही कुणी केली, अंगठा कुणाचा, वाचून दाखवले होते का, हे प्रश्न आता वाटपाच्या दाव्यांत विचारले जातात. भावांना यात बहिणींचा लोभ दिसतो. मला यात उशिरा पोहोचलेला कायदा दिसतो.

अशा जमिनीवर एखाद्या सकाळी पत्र्याचे कुंपण उभे दिसते. आत एक जुना कंटेनर, त्यात दोन माणसे आणि एक कुत्रा. फाटकावर फलक, ‘सदर मिळकत अमुक यांच्या मालकीची व वहिवाटीची असून’ वगैरे, खाली वकिलाचे नाव. पाठीमागे एखादे जुने साठेखत किंवा एका हिस्सेदाराने दिलेले कुलमुखत्यारपत्र असते. याला इकडे ताबा मारणे म्हणतात. मूळ मालक ठाण्यात धावतो आणि उत्तर ऐकतो: दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. उत्तर पूर्ण चूक नाही, पण अर्धे आहे. बळजबरीने घुसणे, धमकावणे हा दिवाणी मामला नसतो. या गोंधळात महिने जातात, आणि नेमके महिनेच मोजून दिलेले असतात. मालकीचा वाद बाजूला ठेवून नुसता गेलेला ताबा परत मागायचा तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. शेतजमिनीची वाट अडवली, पाणी अडवले, ताबा घेतला, तर तहसीलदारासमोर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली जाता येते. मुदत तिथेही सहा महिने. इंग्रजी अमदानीतला हा छोटा कायदा आजही शेतकऱ्याला सर्वांत स्वस्त पडतो. ज्यांना तो माहीत असतो त्यांना, असे म्हणायचे.

बाकीचा महसुली जिना लांब आहे. फेरफारावर हरकत घेतली की ती तक्रारी नोंद होते, मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार निर्णय देतो, अपील प्रांताकडे, दुसरे अपील अपर जिल्हाधिकाऱ्याकडे, मग अपर आयुक्त, मग पुनरीक्षणासाठी मंत्री, आणि शेवटी रिट. इतक्या पायऱ्या चढून हाती येते ती फक्त नोंद. फेरफाराने मालकी ठरत नाही, तो सारा कुणाकडून घ्यायचा याचा कागद आहे, हे न्यायालये पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. मालकी हवी असेल तर पुन्हा दिवाणी दावा.

सरकारच घेणारे असेल तर गोष्ट आणखी वेगळी. कारखानदारी आणि आयटीसाठीची जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ खाली घेतली जाते. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला घटनेची कलमे पाठ नसतील, ‘३२(२) ची नोटीस’ मात्र पाठ असते. आणि ‘शिक्के’: सातबाऱ्यावर एमआयडीसीची नोंद पडली की संपादन पूर्ण होवो न होवो, जमीन विकता येत नाही, तारण ठेवून कर्ज मिळत नाही. शिक्के काढा ही मागणी त्यामुळे प्रत्येक निवडणुकीत निघते.

याच मुळशी तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेव्हा टाटांच्या धरणासाठी जमीन घ्यायला १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला होता. त्या कायद्यात शेतकऱ्याने ‘नको’ म्हणायला जागा नव्हती, भाव किती एवढेच भांडता येत होते. २०१३ च्या कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधितांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला. पण १९६१ चा राज्य कायदा शेजारी उभाच राहिला. मधल्या काळात, ९ ऑगस्ट २०११ ला, शेजारच्या मावळात बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पवना बंदिस्त जलवाहिनीविरुद्ध आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि एका महिलेसह तीन शेतकरी गेले. चौकशी आयोग बसला. प्रकल्पाला स्थगिती मिळाली आणि ती दशकभराहून अधिक टिकली. ऐकून घेण्याची कायदेशीर जागा नसली की माणसे महामार्गावर येतात, हे मुळशीने आणि मावळाने नव्वद वर्षांच्या अंतराने दाखवले.

फ्लॅटवाल्यांचे दुःख तुलनेने अलीकडचे आणि व्यवस्थाही तुलनेने ताजी. १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झाले. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागता येतात. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. शिवाय ग्राहक आयोगाचे दार बंद झालेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आदेश मिळतातही. अडते पुढे. बिल्डरने पैसे दिले नाहीत तर महारेरा वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवते, कारण ही रक्कम महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची. म्हणजे फ्लॅटवाला फिरून पुन्हा तहसीलच्या जिन्यावर. २०२४ अखेरपर्यंत राज्यभरात निघालेल्या सुमारे ७०० कोटींच्या वॉरंटांपैकी वसूल झाले २०० कोटींच्या आसपास. ज्या तहसीलदाराकडे पंचनामे, दाखले, निवडणूक आणि गौण खनिज आहे, त्याच्याकडे एका संगणक अभियंत्याचे व्याज कितव्या क्रमांकावर असेल?

भाड्याने राहणाऱ्यांबद्दल थोडेच सांगतो, कारण त्यांचे खटले क्वचितच होतात. अकरा महिन्यांत माणूस खोली बदलून गेलेला असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिट बुडवणाऱ्या मालकासमोर हे कलम शांतपणे वाचून दाखवण्यात मजा आहे.

मधल्या टप्प्याविषयी, म्हणजे प्रत्यक्ष न्यायालयाविषयी, एक-दोनच गोष्टी. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. साक्ष मराठीत होते, युक्तिवाद मराठीत होतो, निकाल बऱ्याचदा इंग्रजीत येतो आणि पक्षकार वकिलाच्या चेहऱ्याकडे पाहून आपण जिंकलो की हरलो ते ओळखतो. दुसरी गोष्ट मोफत वकिलाची. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता वकील मिळतो. शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. चाकणच्या शॉपफ्लोअरवर कंत्राटी काम करणाऱ्या मुलीला हे सांगणारा तिथे कुणी नसतो.

आता दुसरे टोक. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री हिंजवडीच्या बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीला कंपनीच्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने गहुंजेजवळ नेले, बलात्कार करून तिचा खून केला. पोलिसांनी आरोपी लवकर पकडले. पुण्याच्या सत्र न्यायालयाने मार्च २००९ मध्ये, म्हणजे दीड वर्षाच्या आत, फाशी सुनावली. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राज्यपालांनी आणि मे २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. मग कारागृह, सत्र न्यायालय आणि राज्य सरकार यांच्यातल्या पत्रव्यवहारात जवळपास दोन वर्षे गेली. वॉरंट निघाले एप्रिल २०१९ मध्ये, तारीख पडली २४ जूनची, आणि त्याआधीच उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. दयेच्या अर्जांपासून वॉरंटपर्यंत एकूण चार वर्षांहून अधिक विलंब झाला, त्याचे कारण देता येत नाही, म्हणून २९ जुलै २०१९ ला फाशीची ३५ वर्षांची कैद झाली. सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२४ ला ते कायम केले आणि दयेच्या अर्जांसाठी राज्यांनी वेगळे कक्ष उभारावेत, सत्र न्यायालयांनी अशी प्रकरणे आपणहून बोर्डावर घ्यावीत असे निर्देश दिले. फाशी असावी की नसावी हा वेगळा वाद आहे. माझा कल नसावी या बाजूला. पण इथे शिक्षा बदलली ती कुणाच्या तत्त्वामुळे नव्हे, फाईल हलली नाही म्हणून.

दिवाणी बाजूला हेच रोज घडते. हुकूमनामा मिळाल्यावर पक्षकाराची खरी अडचण सुरू होते, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढा असे सांगितले, मार्च २०२५ मध्ये पुन्हा सांगितले आणि सगळ्या उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते समोर आले: देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून. त्यांत सर्वांत जास्त, ३ लाख ४१ हजारांच्या घरात, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत.

मारुंजीच्या वाटपाच्या दाव्यात तर न्यायालय निकाल देऊनही जमीन वाटत नाही. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्याने करायचे असते. न्यायालयाकडून कागद जिल्हाधिकाऱ्याकडे, तिथून तहसीलला, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे. मोजणीदार येतो त्या दिवशी एक भाऊ गैरहजर राहतो, दुसरा हद्दीचा दगड मान्य करत नाही, आणि मधल्या काळात तिसऱ्याने आपला अविभक्त हिस्सा कुणाला तरी विकसनाला दिलेला असतो. म्हणून या पट्ट्यातले जाणते वकील दावा लावतानाच लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा प्रलंबित असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात, आणि हुकूमनाम्याची प्रत घ्यायला आलेल्या बहिणीला पेढे वाटण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहून देतात: कलम ५४ चा प्रस्ताव कोणत्या तारखेला आणि कोणत्या जावक क्रमांकाने गेला ते काढा, मोजणीची फी स्वतः भरून पावती ठेवा, आणि तहसीलच्या वाटप टेबलावर दर पंधरवड्याला जाऊन बसा.